पाणी वळेपर्यंत

या. इथे थांबा.

लंडनमध्ये थेम्सच्या दक्षिण काठावर, ब्लॅकफ्रायर्सच्या दोन पुलांच्या मध्ये, नदीच्या कडेने कठडा आहे. डाव्या हाताला मोटारींचा पूल. उजव्या हाताला रेल्वेचा. मधे उघडं पाणी.

कठड्यावर दोन्ही हात ठेवा.

रात्रीचा गारवा अजून त्यात आहे. तो तळव्यांना लागू द्या.

सकाळ आहे. तुमच्या मागून माणसं जात आहेत. कुणी कामाला निघालं आहे, कुणी धावत आहे. तुम्हाला मात्र आत्ता कुठेही पोचायचं नाही.

सुट्टी छोटी आहे. पाहायचं पुष्कळ आहे. टॉवर ऑफ लंडन. वेस्टमिन्स्टर. ब्रिटिश म्युझियम. सेंट पॉल्स. आणि प्रिमरोज हिलजवळ किंग हेन्रीज रोडवरचं १० नंबरचं घर. १९२१-२२च्या सुमाराला डॉ. बाबासाहेब आंबेडकर विद्यार्थी म्हणून तिथे राहिले. मराठी माणूस लंडनला आला की त्या घराच्या दारात गेल्याशिवाय त्याचं मन भरत नाही.

यादी मोठी आहे. असू द्या.

ती खिशात राहील. फोनही खिशात राहू द्या.

पुढचा एक तास या पाण्याला द्या.

एक श्वास घ्या. सोडा.

आणखी एक घ्या. सावकाश सोडा.

आता नदीकडे पाहा.

फक्त रंग पाहा.

तपकिरी आहे. कुठे करडा, कुठे थोडा हिरवट. ऊन पडतं तिथे रंगही दिसत नाही, नुसती चकाकी दिसते.

हा रंग पाहून मन लगेच म्हणतं, घाण पाणी. म्हणू द्या. मग पुन्हा पाहा.

हा गाळाचा रंग आहे. दिवसातून दोनदा समुद्र या नदीत वर चढतो आणि दोनदा उतरतो. चढता-उतरता तो तळचा गाळ ढवळतो. गाळाला खाली बसायला सवड मिळत नाही.

कोकणातल्या खाडीकाठी ज्यांचं बालपण गेलं, त्यांना हा रंग नवा नाही. ओल्या चिखलाचा हा वासही नवा नाही.

वास घ्या. नाकाने, हळू.

१९५७ मध्ये तज्ज्ञांनी या नदीचा लंडनमधला भाग मेलेला ठरवला होता. शहराची सगळी घाण तिने पोटात घेतली होती. पाण्यात मासा जगेल इतका प्राणवायू उरला नव्हता. पुढे सांडपाण्यावर नीट प्रक्रिया होऊ लागली, आणि जीव एकेक करून परतले. आज या खाडीपट्ट्यात शंभराहून अधिक जातींचे मासे आहेत. सील आहेत.

ते तुम्हाला दिसणार नाहीत. दिसायला हवेत असंही नाही.

ते आहेत. या तपकिरी पडद्याखाली, आत्ता, या क्षणी.

तेवढं मनात ठेवा, आणि पाहत राहा.

आता पाण्याची चाल पाहा.

घाई नको. आधी सगळी नदी एकदम पाहा. मग नजर एका जागी आणा.

पाणी डावीकडून उजवीकडे जात आहे. पश्चिमेकडून पूर्वेकडे. समुद्राकडे.

ओहोटी आहे.

ग्लॉस्टरशरच्या माळावर ही नदी उगम पावते. तिथून समुद्रापर्यंत ती सुमारे ३४६ किलोमीटर चालते. तुमच्या समोरून जाणारं पाणी आता तिच्या वाटेच्या शेवटच्या टप्प्यावर आहे.

एखादी तरंगती वस्तू शोधा. फेसाचा पुंजका. पान. लाकडाचा तुकडा.

सापडली?

तिच्याबरोबर नजर जाऊ द्या. तुम्ही ढकलू नका. ती नेईल तिथे जा.

ती रेल्वेच्या पुलाखाली जाईल. सावलीत शिरेल. मग दिसणार नाही.

तिला जाऊ द्या.

नजर पुन्हा समोर आणा. दुसरी शोधा.

पुन्हा तिच्याबरोबर जा. पुन्हा सोडा.

आणखी एकदा.

येणं, जाणं, दिसेनासं होणं. मधे तुमचा श्वास. आत. बाहेर.

आता पाण्यातले खांब पाहा.

लाल आहेत. जाड आहेत. रेल्वेच्या पुलाच्या अलीकडे, ओळीने, नदीत उभे आहेत.

त्यांच्यावर पूल नाही.

पुन्हा पाहा. खरंच नाही. खांब पाण्यातून वर येतात आणि वर येऊन थांबतात. त्यांच्या डोक्यावर फक्त आकाश आहे.

१८६४ मध्ये इथे रेल्वेचा पूल बांधला गेला. लंडन, चॅटॅम अँड डोव्हर रेल्वे या कंपनीचा. शेजारी दुसरा पूल झाला, तो तुमच्या उजवीकडे आजही गाड्या वाहतो. पहिल्या पुलाला पुढच्या काळातल्या जड गाड्या पेलवण्यासारख्या नव्हत्या. १९८५ मध्ये तो काढून टाकला. खांब राहिले.

काठावर त्या कंपनीचं रंगीत मानचिन्हही राहिलं आहे. कंपनी नाही, पूल नाही, मानचिन्ह आहे.

हसू नका त्यांना. कीवही करू नका.

पाहा फक्त.

एक खांब निवडा. कोणताही, पण एकच. ज्याच्या पायाशी आत्ता पाणी आहे असा.

पुढचा सगळा वेळ आपण याच खांबाजवळ राहणार आहोत.

वरून सुरुवात करा.

माथा. तिथे एखादा सीगल बसला असेल. एखादा पाणकावळा पंख उघडून वाळवत असेल. किंवा कुणीच नसेल. रिकामा माथाही पाहण्यासारखा असतो.

खाली या.

लाल रंग. कुठे गडद, कुठे उन्हापावसाने विटलेला.

अजून खाली या.

इथे रंग बदलतो. एक आडवी रेघ लागते. रेघेच्या वर कोरडं, रेघेखाली ओलसर.

आणखी खाली. शेवाळ. हिरवं, मग काळपट, मग चकचकीत ओलं.

ही रेघ म्हणजे पाण्याची हद्द. काही तासांपूर्वी पाणी तिथवर होतं. काही तासांनी पुन्हा तिथवर येईल.

अमावास्या होऊन एक-दोन दिवस झाले आहेत. उधाणाचे दिवस आहेत. अशा दिवसांत लंडन ब्रिजपाशी भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत सुमारे ७ मीटरचा फरक असतो. दोन मजली घर बुडेल एवढा.

कठड्यावरून जरा पुढे वाका. आपल्या बाजूची भिंत पाहा. तिच्यावरही तीच रेघ आहे. शहरभर, नदीच्या दोन्ही काठांवर, ही ओली रेघ आहे. हजारो माणसं तिच्या शेजारून रोज जातात.

आज तुम्ही ती पाहिलीत.

आता अगदी खाली या. खांबाच्या पायाशी.

पाणी डावीकडून येतं आणि खांबाला अडतं. तिथे ते जरासं वर चढतं. एक लहानसा उंचवटा होतो. मग दोन बाजूंनी फुटतं.

खांबाच्या उजवीकडे पाहा. फुटलेलं पाणी तिथे पुन्हा जवळ येतं, पण सरळ येत नाही. भोवरे होतात. एक या बाजूने, एक त्या बाजूने.

एक भोवरा पाहा.

तो खांबाजवळ जन्मतो. गोल फिरतो. फिरत फिरत दूर जातो. रुंद होतो. उथळ होतो.

मिटतो.

दुसरा जन्मलेला असतो.

त्याला पाहा.

तोही मिटतो.

पाहत राहा.

मन इथून निघून जाईल. ते साहजिक आहे.

तिकिटं किती वाजताची होती? मुलांनी नाश्ता केला का? आई-बाबांचे पाय दुखत असतील का? दुपारी पाऊस आला तर?

ते निघालं की नुसतं ओळखा. निघालं.

मग खांबाकडे या. भोवऱ्याकडे या.

रागवायचं नाही. ओढून आणायचं नाही. एखादा सीगल उडतो आणि पुन्हा त्याच माथ्यावर येऊन बसतो, तेवढंच.

आता डोळे मिटा. ऐका.

उजवीकडे गाडी आली. ब्लॅकफ्रायर्सचं स्टेशन नदीवरच आहे, पुलावर, या काठापासून त्या काठापर्यंत. गाडी थांबते तेव्हाचा लांबत गेलेला आवाज ऐका. मग थोडी शांतता. मग ती सुटते.

डावीकडे बसगाड्यांची घरघर.

मागे पावलं. बुटांची, चाकांच्या बॅगांची. कुठल्या कुठल्या भाषा. एखादा शब्द ओळखीचा वाटतो, बाकीचे नुसते नाद.

खाली पाणी. ते आधी ऐकू येत नाही. थोडं थांबलात की येतं. भिंतीला हलकेच लागणारं. एखादी बोट गेली की जरा मोठ्याने, मग पुन्हा हळू.

सगळे आवाज येऊ द्या. एकालाही धरू नका.

आणि सगळ्यांच्या अलीकडे, तुमच्या अगदी जवळ, तुमचा श्वास.

आत.

बाहेर.

डोळे उघडा.

खांब तिथेच आहे.

इथून पश्चिमेला, समोरच्या काठावर, सॅव्हॉय हॉटेल आहे. १८९९ ते १९०१ या काळात क्लोद मोने हा फ्रेंच चित्रकार तीन वेळा तिथे येऊन राहिला. खोलीतून त्याला हीच नदी दिसे. वॉटर्लू पूल दिसे, चेरिंग क्रॉसचा रेल्वेपूल दिसे. तो तेच पूल रंगवत राहिला. धुकं बदललं की एक कॅनव्हास बाजूला ठेवून दुसरा घ्यायचा. ऊन आलं की तिसरा. जवळजवळ शंभर चित्रं झाली.

इतकं मोठं शहर पायाशी पसरलेलं. त्याने मोजक्या दोन-तीन जागा घेतल्या.

त्याच्याकडे दिवस पुष्कळ होते, तुमच्याकडे थोडे आहेत. पण आत्ता, या खांबापाशी, तुमच्याकडेही एवढाच क्षण आहे आणि त्याच्याकडेही एवढाच होता.

तो क्षण घ्या.

खांबाच्या उजवीकडे पाहा. भोवरे आहेत?

आहेत. पण पाहा, ते मघासारखे राहिलेले नाहीत. थोडे सैल झाले आहेत. एक मिटून दुसरा जन्मेपर्यंत जरा वेळ जातो आहे.

पाणी मंदावलं आहे.

भिंतीच्या पायथ्याशी मघा पाणी होतं तिथे आता दगडगोटे दिसतात. चिखल दिसतो. नदीने आपला तळ थोडा उघडा केला आहे.

त्या उघड्या पट्टीवर नजर फिरवा. विटांचे तुकडे. कौलांचे तुकडे. शिंपले. हाडं. कुठे पांढरे बारीक ठिपके.

या काठाला तंबाखूच्या पाइपांचे तुकडे मुबलक सापडतात. पांढऱ्या मातीचे पाइप. सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून लंडनची माणसं ते ओढत आली. तंबाखू महाग होता तेव्हा पाइपाचं तोंड अगदी लहान असे, बोटाचं टोक जेमतेम मावेल एवढं. पुढे तंबाखू स्वस्त झाला, तोंड मोठं झालं. नळी लांब आणि नाजूक, लगेच तुटणारी. तुटली की नदीत टाकायची.

ज्याने टाकली, त्याने तिच्याकडे पुन्हा पाहिलं नसेल. नदीने ती ठेवून घेतली. रोज दोनदा झाकते, रोज दोनदा उघडते.

इथलं काही शोधायला, उचलायला पोर्ट ऑफ लंडन अथॉरिटीचा परवाना लागतो. आपल्याला काही उचलायचं नाही.

इथून जेवढं दिसेल तेवढं पाहा. घेऊन जायचं म्हणून नको. जतन करायचं म्हणून नको. फोटोसाठीही नको.

ते तिथे आहे, तुम्ही इथे आहात. मधे फक्त पाहणं आहे.

पुन्हा खांबाकडे.

फार हळू झालं आहे आता.

खांबाच्या डावीकडचा उंचवटा बसला. उजवीकडे एखादीच वळी उठते आणि दूर न जाता तिथेच विरते.

एखादं पान शोधा.

ते जात नाही. जागच्या जागी किंचित वळतं. थोडं इकडे. थोडं तिकडे.

पाणी थबकलं आहे.

हाच तो वेळ. याच्यासाठी आपण थांबलो.

बोलू नका.

आता खांबाच्या दोन्ही बाजूंना पाणी सारखं आहे. डावीकडेही सपाट, उजवीकडेही सपाट. खांबाचं लाल प्रतिबिंब, मघापासून फाटलेलं, जरासं जुळून आलं आहे.

नदी समुद्राकडे जात नाही.

समुद्र नदीत येत नाही.

श्वास सोडा. आणि पुढचा घ्यायच्या आधी किंचित थांबा. रोखू नका. तिथे आपोआप एक जागा असते. बारीकशी.

सापडली?

तिथे राहा. जेवढं राहवेल तेवढंच.

मग श्वास आपण होऊन आत येईल. येऊ द्या.

पुन्हा सोडा. पुन्हा ती जागा.

तुमच्या आतही काहीतरी ओसरत होतं. या वर्षाची दगदग असेल. कुणाशी राहून गेलेलं बोलणं असेल. एखादी काळजी असेल, जी विमानातही तुमच्याबरोबर आली.

तिला नाव देऊ नका. तिचा निकाल लावू नका.

तीही आत्ता थबकली आहे का, एवढंच पाहा.

असेल तर असू द्या. नसेल तरी असू द्या.

खांब उभा आहे. त्याच्यावर ओझं नाही. त्याला कुणाला पलीकडे न्यायचं नाही. पाणी जातं, पाणी थांबतं, पाणी येतं, आणि तो ते सगळं आपल्या अंगाला लागू देतो.

तसेच उभे राहा.

थोडा वेळ.

अजून थोडा.

आता डावीकडे पाहा. खांबाच्या डावीकडे.

काहीच नव्हतं तिथे मघा. आता एक सुरकुती आहे.

नीट पाहा. खरंच आहे?

आहे.

एक छोटी वळी उठली. खांबापासून सुटली. पश्चिमेकडे सरकली. मिटली.

दुसरी उठली.

पाणी वळलं.

मघा जे उजवीकडे होत होतं, ते आता डावीकडे होऊ लागलं आहे. मघा जिथे पाणी अडत होतं, तिथे आता सुटतं आहे. खांब तोच. नदी तीच. दिशा उलटी.

कुणी शिटी वाजवली नाही. काठावरून जाणाऱ्या कुणी मान वळवली नाही.

तुम्हाला कळलं, कारण तुम्ही इथे होतात.

भरती लागली.

उत्तर समुद्राने लोटलेलं हे पाणी शहर ओलांडून पुढे जाईल, पश्चिमेला टेडिंग्टनच्या बांधापर्यंत. बोटी वल्ह्यांवर चालत होत्या तेव्हा इथले नावाडी या वळणाची वाट पाहत. वर जायचं तर भरतीबरोबर, खाली जायचं तर ओहोटीबरोबर. पाणी उलटं असताना बळ लावण्यापेक्षा ते थांबत.

आजही पिवळे कंटेनर लादलेले पडाव ओढत एखादा टग समोरून जाताना दिसेल. शहराचा कचरा नदीवाटे नेणारे ते पडाव आहेत. तेही भरती-ओहोटीची वेळ बघून निघतात.

दिसला तर पाहा. त्याच्या मागे उठलेली लाट तुमच्या भिंतीपर्यंत येईल. तिला ऐका.

आता मान डावीकडे वळवा. मोटारींच्या पुलाकडे पाहा.

हा ब्लॅकफ्रायर्सचा पूल १८६९ मध्ये राणी व्हिक्टोरियाने खुला केला. त्याच्या खांबांच्या वरच्या भागावर दगडात पक्षी कोरले आहेत. जॉन बर्नी फिलिप या शिल्पकाराचं ते काम.

तुम्हाला इथून पुलाची पूर्वेची बाजू दिसते. समुद्राकडची. या बाजूला समुद्रपक्षी आणि समुद्रातले जीव आहेत.

पलीकडे, पश्चिमेच्या बाजूला, गोड्या पाण्याचे पक्षी आहेत.

एकाच पुलाला दोन पाण्यांची ओळख आहे. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला नदी. करणाऱ्याने इथे उभं राहून दोन्हीकडून येणारं पाणी पाहिलं असेल, नाहीतर हे सुचलं नसतं.

लगेच पलीकडे धावू नका. आधी ही बाजू पाहा. पक्ष्यांच्या अंगावरची सावली पाहा. दगडाचा कोरीव काठ पाहा. पलीकडचे पक्षी नंतर तुमची वाट पाहतील.

आता एकदा वर पाहा.

आकाशात चंद्र दिसत नाही. अमावास्येनंतरचा आहे, सूर्याच्या जवळ, उजेडात हरवलेला. पण हे समोरचं पाणी त्याच्या आणि सूर्याच्या ओढीनेच चढतं आहे.

हाच चंद्र मुंबईच्या समुद्राला ओढतो. रत्नागिरीच्या, वेंगुर्ल्याच्या, मांडवीच्या पाण्याला ओढतो. तिथेही हे उधाणाचेच दिवस. आठवड्याभराने तिथेही भांग लागेल आणि इथेही. पाणी कमी चढेल, कमी उतरेल.

तुम्ही फार लांब आला आहात. आणि एका अर्थी जराही लांब आलेला नाहीत.

दोन्ही खरं आहे. दोन्ही राहू द्या.

भिंतीकडे पाहा. मघाचे दगडगोटे पुन्हा ओले होत आहेत. शिंपले झाकले जात आहेत. पाइपांचे तुकडे नदीने आत घेतले.

खांबाच्या डावीकडे आता भोवरे चांगले धरले आहेत. जन्मतात, फिरतात, दूर जातात, मिटतात.

एक भोवरा शेवटपर्यंत पाहा.

अजून एक.

हात उचला. तळव्यांकडे पाहा. कठड्याची खरखर त्यांच्यावर उमटली असेल. बोटं हलवा. खांदे सैल करा.

तास संपत आला. सावकाश निघू या.

डावीकडच्या पुलाखालून जा. पलीकडे गेलात की मागे वळून वर पाहा. गोड्या पाण्याचे पक्षी आहेत. जे इथे उभं राहून पाहिलंत, त्याचा उरलेला अर्धा भाग तिथे आहे.

मग शहरात जा. शहर सुंदर आहे आणि तुम्ही ते पाहायला आला आहात. मनमुराद पाहा.

फक्त खांबापाशी जे केलंत, ते बरोबर न्या. प्रत्येक ठिकाणी एकच गोष्ट निवडा. आणि ती एकदा बदलेपर्यंत तिथे राहा.

ब्रिटिश म्युझियममध्ये आंध्रातल्या अमरावतीच्या स्तूपाची शिल्पं आहेत. सगळं दालन फिरायचं तर फिरा. पण एका शिळेसमोर थांबा. आधी नुसती गर्दी दिसेल, माणसांची, प्राण्यांची, फुलांची. थांबलात की तिच्यातून एक चेहरा पुढे येईल. तो येईपर्यंत थांबा.

सेंट जेम्स पार्कच्या तळ्यावर पेलिकन आहेत. १६६४ मध्ये रशियाच्या राजदूताने राजाला भेट दिले, तेव्हापासून त्या तळ्यावर पेलिकन आहेत. एक निवडा. तो मान फिरवेपर्यंत थांबा.

सेंट पॉल्सच्या घुमटाखाली बसा. १७१० मध्ये पुरं झालेलं ते काम आहे. वर पाहा. एखादा ढग बाहेर सूर्यावरून सरकेल आणि आतला उजेड कमी होईल. मग पुन्हा वाढेल. तेवढा वेळ बसा.

भुयारी रेल्वेच्या फलाटावरही चालेल. गाडी येण्याआधी बोगद्यातून वारा येतो. तो तोंडाला लागेपर्यंत फोन काढू नका.

बरोबर मुलं असतील तर त्यांना सांगा, आपण हे बदलेपर्यंत पाहू. मुलांना ते तुमच्यापेक्षा लवकर जमेल. वडीलधारी असतील तर त्यांना बसायला जागा बघून द्या आणि शेजारी बसा. ते काय पाहत आहेत ते विचारा. उत्तराची घाई करू नका.

यासाठी वेळ लागतो. तो कुठून तरी काढावा लागतो.

म्हणून आता यादी खिशातून बाहेर काढा. वरून खालपर्यंत वाचा. आजच्या दिवसातलं एक ठिकाण खोडा. कोणतं, ते तुमचं तुम्ही ठरवा. त्याच्या जागी दुसरं काही लिहू नका.